भाजीपाल्यातली जिवाणूजन्य सड: नागपूर भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोळा झाला की फोन सुरू होतात. "गोबी नासली", "टमाटरातून पाणी गळतंय", "दवा सांगा". फेब्रुवारी-मार्चमध्ये गारा पडल्या की तेच पुन्हा. कळमेश्वर, सावनेर, हिंगणा, मौदा, कामठी या पट्ट्यातले भाजीवाले शेतकरी, नागपूरच्या कॉटन मार्केट या भाजीबाजारातले किरकोळ विक्रेते आणि घरी गच्चीवर चार कुंड्या लावणाऱ्या काकू, सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून एकाच ठिकाणी येतात. म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. मी स्वतः फुलगोबी आणि टमाटर घेतो, आणि सडीपायी पैसा घालवूनही बसलो आहे. त्यामुळे उत्तरं थोडी तिखट वाटली तर राग मानू नका.

गड्डा वरून चांगला दिसतो आणि आत चिखल झालेला असतो. हे नेमकं काय?

ही ओली सड, म्हणजे मऊ सड. पेक्टोबॅक्टेरियम नावाचे जिवाणू आणि त्यांचेच भाऊबंद डिकेया, ही त्यामागची मुख्य मंडळी. जुन्या पुस्तकांत आणि दुकानदारांच्या तोंडी अजून 'एर्विनिया' हेच नाव आहे. दोन्ही एकच समजा. १९०१ मध्ये अमेरिकेत एल. आर. जोन्स यांनी गाजराच्या सडीतून हा जिवाणू शोधला, म्हणून त्याच्या नावात आजही गाजर आहे: कॅरोटोव्होरम.

भाजीच्या पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या चिकट पदार्थाने जोडलेल्या असतात. मातीच्या भिंतीत विटांमध्ये गारा असतो, तसं. हा जिवाणू विटा फोडत बसत नाही, गारा विरघळवतो. गारा गेला की भिंत आपोआप बसते. म्हणून सडलेला भाग बोटाने दाबला की लगदा होतो आणि कडेचा चांगला भाग मात्र एकदम कडक लागतो. दोन्हींमधली सीमा चाकूने आखल्यासारखी असते.

काल संध्याकाळी माल एकदम टंच होता. सकाळी पोतं उघडलं तर पाणी. एका रात्रीत असं होतं का?

दिसतं एका रात्रीत, पण सुरुवात आधीच झालेली असते. हे जिवाणू थोडे असताना गप्प राहतात. एकमेकांना रासायनिक इशारे देत संख्या मोजतात म्हणा ना. पुरेशी गर्दी जमली की सगळे मिळून गारा विरघळवणारी विकरं (एन्झाइम) सोडतात. तोपर्यंत गड्ड्यावर काहीच खूण नसते. बांधलेल्या पोत्यातली ऊब, ओल आणि कोंडलेली हवा त्यांना हवीच असते. त्यामुळे "तुम्ही सडका माल पाठवला" असं अडत्या म्हणतो आणि "मी तर ताजा भरला" असं शेतकरी म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा दोघंही खरं बोलत असतात.

बुरशी आहे की जिवाणू, हे वावरात उभ्या उभ्या कसं ओळखायचं?

नाक वापरा. ओल्या सडीला जी घाण येते ती एकदा ओळखली की विसरत नाही. खरं तर वास मूळ जिवाणूचा कमी आणि मागून घुसलेल्या इतर जिवाणूंचा जास्त असतो, पण ओळखीला तो पुरतो.

मग डोळे. बुरशीच्या सडीत बहुधा काहीतरी उगवलेलं दिसतं: पांढरा कापूस, राखाडी धूळ, काळसर मखमल, कधी मोहरीएवढे काळे कठीण दाणे. जिवाणूच्या सडीत असं काही दिसत नाही. आधी पाण्याने भिजल्यासारखा, काचेसारखा डाग पडतो, मग तपकिरी, मग चिकट लाळ. फुलगोबीच्या गड्ड्यावर कोरडे काळे ठिपके असतील तर बुरशीचा करपा धरा. तपकिरी, ओलसर, हाताला चिकटणारा चट्टा असेल तर ही सड. टमाटर आणि ढोबळी मिरचीत फळ झाडावरच पाण्याच्या पिशवीसारखं लटकतं, साल तेवढी शाबूत राहते, आणि हात लागला की फुटतं.

घरी करून बघता येईल असा एक प्रयोग आहे. आलू स्वच्छ धुऊन त्याच्या दोन जाड चकत्या कापा. एका चकतीला स्वच्छ काडी टोचा, दुसरीला सडीत बुडवलेली काडी. दोन्ही वेगवेगळ्या झाकणाच्या डब्यांत ओल्या कागदावर ठेवा. २४ ते ४८ तासांत दुसऱ्या चकतीत खड्डा पडून लगदा झाला आणि पहिली तशीच राहिली, तर संशय पक्का समजा. डबा नंतर घराबाहेर उघडा. आमच्या घरी हा प्रयोग स्वयंपाकघरात एकदाच झाला.

काळी कूज, मर आणि ही सड एकच का?

नाही, आणि इथेच सगळ्यात जास्त गफलत होते.

काळी कूज, काही ठिकाणी तिला घाण्या रोगही म्हणतात, ही गोबीवर्गातली. झान्थोमोनास जिवाणूमुळे येते. पानाच्या कडेपासून आत पिवळा त्रिकोण शिरतो, त्याचं टोक मधल्या शिरेकडे असतं आणि शिरा काळ्या पडतात. हा रोग बियाण्यातून येतो. त्याने पान उघडं पाडलं की मागून मऊ सड घुसते, म्हणून शेवटी घाण वास सुटतो आणि सगळं खापर सडीवर फुटतं.

मर ही टमाटर, वांगी, मिरची आणि आलूची. राल्स्टोनिया नावाचा जिवाणू जमिनीतून मुळात शिरतो आणि पाणी वाहणाऱ्या नळ्या बुजवतो. झाड हिरवंगार असतानाच दुपारी माना टाकतं. दोन-चार दिवस रात्री सावरतं, मग सावरत नाही. खात्री करायची असेल तर बुंध्याजवळचा बोटभर तुकडा कापून काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात लटकता धरा. थोड्याच वेळात कापलेल्या तोंडातून दुधासारखे पांढरे धागे खाली उतरले तर जिवाणूजन्य मर. नाही उतरले तर बुरशीची मर किंवा मुळाची दुसरी भानगड असू शकते. आलू कापल्यावर तपकिरी कडं दिसतं, म्हणून त्याला बांगडी रोग म्हणतात. दोन रुपयांचाही खर्च नसलेली ही पेल्याची परीक्षा केल्याशिवाय मर रोगाची दवा आणायला बाजारात जाऊ नका.

हा जिवाणू माझ्याच वावरात आला कुठून?

तो होताच. मागच्या पिकाच्या धसकटात, तणाच्या मुळांशी, नाल्याच्या आणि विहिरीच्या पाण्यात, माशा-अळ्यांच्या अंगावर, न धुतलेल्या क्रेटमध्ये, तुमच्या विळ्यावर. शेजाऱ्याने टाकला, असं काही नसतं.

पण हा जिवाणू धडधाकट साल स्वतः फोडू शकत नाही. त्याला दार लागतं. निंदणीत लागलेला खुरप्याचा घाव, अळीचं भोक, गारेचा मार, वाऱ्याने घासलेलं पान, तोडणीत राहिलेला ओबडधोबड देठ, ही ती दारं. चौकोनी ठिपक्याच्या पतंगाची अळी आणि फळ पोखरणारी अळी ज्या वावरात आवरली जाते, तिथे सड निम्म्यावर येते हा माझा स्वतःचा अनुभव. तेव्हा सडीचं अर्धं काम कीड नियंत्रणात आहे.

आपल्याकडे धोका कधी जास्त?

या जिवाणूला २५ ते ३० अंश सेल्सिअस आणि पानावर टिकणारं पाणी एकत्र मिळालं की झालं. नागपूरला जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत हे दोन्ही हजर. त्यातही सप्टेंबर वाईट, कारण खरिपातली अगाप फुलगोबी त्याच सुमारास गड्डा धरते, पाऊस उघडतो-येतो आणि उघडीप पडली की ऊन चटका देतं. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत जिवाणू मरत नाही, पण मंदावतो. फेब्रुवारीअखेर ऊब वाढते, अवकाळी येतो, गारा येतात. हा दुसरा हंगाम बरेच जण हिशेबात धरत नाहीत.

सड लागली आहे. आता काय फवारू?

लागलेल्या झाडावर काहीच नाही.

हे उत्तर ऐकून लोक फोन ठेवतात आणि दुसऱ्याला लावतात, पण खरं तेच आहे. लगदा झालेल्या भागात आत कुठलीही फवारणी पोहोचत नाही, आणि पोहोचली तरी विरघळलेला गारा परत येत नाही. उलट पंप घेऊन ओल्या वावरात फिरलात की पायांनी आणि नळीने रोग ओळीओळीने वाटता.

करायचं ते असं. वावर सुकू द्या. दुपारी, पानावर दव नसताना, सडलेली झाडं मुळासकट उपटा, तिथल्या तिथे पोत्यात घाला आणि बाहेर न्या. ओढत नेऊ नका. त्या दिवशी निरोगी ओळींत आधी काम करा, रोगट ओळी शेवटी. विळा मधूनमधून ब्लीचिंगच्या पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये बुडवा. ओलीत दोन-तीन दिवस लांबवा. तुषार चालू असेल तर बंद करा. मग उरलेल्या निरोगी झाडांना वाचवायला तांब्याची फवारणी घ्या.

आणि ती स्ट्रेप्टोमायसिनची पुडी? दुकानदार तर तीच देतो.

ही पुडी म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन ९० टक्के आणि टेट्रासायक्लिन १० टक्के. वर्षानुवर्षं ती चिमूटभर टाकून फवारली गेली. मीही फवारली. एका वर्षी एका कृषी केंद्रातून तीन वेळा आणली, सड आपल्या गतीने वाढत राहिली आणि बिल तेवढं वाढलं.

स्ट्रेप्टोमायसिन हे माणसाच्या क्षयरोगावरचं औषध आहे. शेतात ते वारंवार मारलं की त्याला न जुमानणारे जिवाणू तयार होतात. याच कारणाने केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये शेतीतला हा वापर बंद करण्याच्या दिशेने आदेशाचा मसुदा काढला. दुकानात अजून कोणी काढून दिली तरी घेऊ नका. मऊ सडीवर तिचा तसाही उपयोग नगण्य.

तांब्याची फवारणी मग कधी?

आधी. दार उघडण्यापूर्वी किंवा उघडल्या उघडल्या. तांबं पानाच्या पृष्ठभागावर बसतं आणि तिथे उतरलेला जिवाणू मारतं. आत शिरत नाही, त्यामुळे आतल्या जिवाणूला धक्का लागत नाही. कॉपर ऑक्सिक्लोराइड ५० टक्के असेल तर साधारण २५ ते ३० ग्रॅम १० लिटर पाण्याला घेतात. डब्यावर तुमच्या पिकाचं नाव आहे का आणि फवारल्यानंतर किती दिवस तोडायचं नाही, हे दोन्ही वाचा. डोळ्याला चष्मा लागला असेल तर मुलाकडून वाचून घ्या.

काटोल-नरखेडकडच्या संत्रेवाल्यांना बोर्डो मिश्रण शिकवायला नको. भाजीवाले मात्र ते विसरले आहेत. एक टक्क्याचं बोर्डो म्हणजे एक किलो मोरचूद (तांब्याचं निळं मीठ), एक किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत भिजवायचं, मग एकत्र करायचं आणि त्याच दिवशी संपवायचं. स्वच्छ लोखंडी पातं बुडवून बघा, तांबूस थर चढला तर चुना कमी पडला. गोबीच्या कोवळ्या पानाला जास्त तांब्याने चट्टे पडतात, म्हणून पहिल्यांदा दोन ओळींवर मारून दोन दिवस थांबा.

ट्रायकोडर्मा टाकला तर?

टाका, पण अपेक्षा बरोबर ठेवा. ट्रायकोडर्मा ही बुरशीवर जगणारी बुरशी. रोपं कोलमडण्यावर, मुळकुजीवर ती कामाची. जिवाणूच्या सडीसाठी स्यूडोमोनास फ्लुरोसन्स किंवा बॅसिलस सबटिलिस जास्त जवळचे, आणि तेही रोपं लावताना मुळं बुडवायला किंवा आळवणीला. तांब्याबरोबर एकाच पंपात घालू नका, आपणच आपले पैसे मारतो.

गोमूत्र, ताक, दशपर्णी याबद्दल विचारतात. चिकट, आंबलेलं काहीही गड्ड्यावर ओतणं मला पटत नाही.

युरियाचा आणि सडीचा काय संबंध?

सरळ संबंध. जास्त नत्राने पानं रुंद आणि कोवळी होतात, पेशींची भिंत पातळ राहते, झाडाझाडांत हवा खेळत नाही. पाऊस उघडला की गोबीला काळोखी यावी म्हणून मूठभर युरिया फेकायची आपल्याकडे सवयच आहे. गड्डा धरल्यावर तरी ती मूठ थांबवा. खत विभागून द्या आणि पालाश विसरू नका.

फुलगोबीचा देठ कापला की आत पोकळ आणि तपकिरी निघतो. हाच रोग का?

सुरुवातीला नाही. बोरॉन कमी पडला की देठ पोकळ होतो आणि गड्ड्यावर तपकिरी डाग येतात. नत्र जास्त देऊन झाड झपाट्याने वाढवलं तरी पोकळी पडते. त्या पोकळीत पाणी साचलं की जिवाणूला तयार घर मिळतं. माती तपासून बोरॅक्सचं प्रमाण ठरवा. बोरॉन थोडा कमी पडला तर गोबी बिघडते आणि थोडा जास्त झाला तर पुढचं पीक, म्हणून अंदाजपंचे टाकायची ही वस्तू नाही.

आमची जमीन काळी, भारी. पाणी साचतंच. त्याला काय करणार?

खरी लढाई इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

काळ्या जमिनीत पाऊस पडला की पाणी खाली उतरायला वेळ लागतो आणि मुळांभोवतीची हवा संपते. हवा नसली की भाजीची स्वतःची प्रतिकारशक्ती पडते, पण या जिवाणूचं हवेवाचून चालतं. आलूच्या सालीवर श्वास घ्यायची बारीक छिद्रं असतात. चिखलात ती फुगून उघडतात आणि जिवाणूला घाव शोधायचीही गरज राहत नाही. म्हणजे साचलेलं पाणी एकाच वेळी झाडाला लुळं करतं आणि दारही उघडून देतं.

सपाट वाफ्यात गोबी लावायची पद्धत आपल्याकडे अजून आहे, कारण पाट सोडला की काम संपतं. खरिपात ती सोडा. गादीवाफा करा, वीतभर उंच. त्यावर ठिबकची नळी, आणि जमलं तर मल्चिंगचा कागद, म्हणजे पावसाचा चिखल खालच्या पानांवर उडत नाही. वाफ्यांच्या मधल्या सऱ्यांना उतार द्या आणि त्या उताराचं तोंड धुऱ्याच्या कडेच्या नालीत काढा. मी दोन वर्षं गादीवाफे केले पण नाली काढली नाही. पाणी वाफ्यांच्या मधे तळ्यासारखं उभं राहिलं आणि मी शेजाऱ्यांना "गादीवाफ्याने काही होत नाही" असं सांगत फिरलो.

तुषार सिंचन मेथी-पालकाला ठीक, पण गड्डा भरत असलेल्या गोबीवर संध्याकाळी तुषार लावणं म्हणजे जिवाणूला रात्रभर मुक्कामाची सोय. लावायचंच असेल तर सकाळी, म्हणजे दुपारपर्यंत पान सुकतं. लागवडीचं अंतरही बघा. चार रोपं जास्त बसवायच्या नादात वारा अडतो.

बांध घालून पाणी अडवायची शिकवण आपल्या अंगात भिनली आहे, आणि कापूस-तुरीला ती बरोबरच आहे. भाजीला मात्र पाणी वेळेवर बाहेर काढावं लागतं.

काल गारा पडल्या. आता काय?

पहिले २४ तास महत्त्वाचे. फुटलेली फळं आणि चिरलेले गड्डे काढून टाका, जे विकण्यासारखं आहे ते सुकवून लगेच विका. पानं सुकली की तांब्याची एक फवारणी. लगेच युरिया देऊन झाड "उभं करण्याची" घाई करू नका, जखमा सुकू द्या.

तोडणीपासून कळमन्याच्या ठोक बाजारात पोहोचेपर्यंत काय सांभाळायचं?

माझी चूक सांगतो. सप्टेंबरची सकाळ, रात्रभर झिमझिम, भाव चढलेला. पहाटेच ओली गोबी तोडली, पोत्यांत दाबून भरली, छोट्या हत्तीवर तीन थर रचले आणि वर ताडपत्री आवळली. त्या दिवशी आवक जास्त होती, माल उतरायला दुपार झाली, हर्रास, म्हणजे लिलाव, दुसऱ्या दिवशीवर गेला. दुसऱ्या दिवशी खालच्या थराच्या पोत्यांतून पाणी ठिबकत होतं. भाव चढलेलाच होता, तो दुसऱ्यांना मिळाला.

तेव्हापासून पाऊस असेल तर तोडत नाही. दव उडाल्यावर तोडतो. चाकू धारदार, कारण बोथट विळ्याने देठ चिरडतो आणि चिरडलेला देठ सपाट कापापेक्षा लवकर सडतो. गड्ड्याभोवती दोन-तीन पानं ठेवतो, ती उशीचं काम करतात. पोत्याऐवजी क्रेट. क्रेट महाग पडतो हे खरं, पण पोत्यात खालच्या गड्ड्यावर वरच्या सगळ्यांचं ओझं येतं. भरण्यापूर्वी सावलीत पसरून उष्मा काढतो. संशयाचा एक गड्डा दिसला तर घरच्या म्हशीलाही देत नाही, बाजूला काढतो. क्रेट परत आले की धुऊन कडक उन्हात उलटे ठेवायचे. ऊन आपल्याकडे फुकट आहे.

भाजी धुऊन बाजारात न्यावी का?

पालक, मुळा, गाजर, सांबार (कोथिंबीर) धुतल्याशिवाय गिऱ्हाईक हात लावत नाही, हे कळतं. पण एकाच टाक्यातल्या मळक्या पाण्यात शंभर जुड्या बुडवल्या की एका जुडीची सड नव्याण्णवांना लागते. नाल्याचं पाणी तर नकोच. वाहतं स्वच्छ पाणी घ्या. टाकंच वापरायचं असेल तर १०० लिटर पाण्यात सुमारे ३० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर, म्हणजे साधारण १०० पीपीएम क्लोरीन होतं. पाणी गढूळ झालं की क्लोरीन संपला, बदला. उघडी पडलेली जुनी पावडर नुसता चुना असते. धुतल्यावर निथळून सुकवणं सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं तेच राहून जातं. गोबी, कांदा, आलू धुऊच नका.

कांदा आणि आलू साठवताना?

कांदा काढण्यापूर्वी दोन-तीन आठवडे ओलीत तोडा. काढल्यावर त्याच्याच पातीने झाकून वावरात सुकू द्या, मग मान पिळली गेल्यावर बोटाच्या दोन पेरांएवढी मान ठेवून पात कापा. हिरव्या, जाड मानेचा कांदा चाळीत घालू नका, आधी खा किंवा विका. कांद्यातला एखादाच पापुद्रा पाणचट होऊन आंबट वास येतो, तो बुर्खोल्डेरिया जिवाणूचा उद्योग, आणि तोही मानेतूनच शिरतो. आलूचं पोतं आणलं की ओतून बघा. एक फुटका, ओला आलू आजूबाजूच्या दहांना नेतो. हवा खेळती ठेवा, फरशीवर थेट रचू नका.

सडलेला माल धुऱ्यावर किंवा उकिरड्यावर टाकला तर चालेल?

नाही. पावसाने तो रस परत वावरात येतो, माशा त्यावर बसून तुमच्याच गोबीवर येतात. ओलिताच्या विहिरीपासून लांब खड्डा करून मातीने झाका. चांगलं तापणारं कंपोस्ट असेल तर त्यात मधोमध घाला. आपला नेहमीचा उकिरडा तापत नाही.

त्याच वावरात पुन्हा गोबी घेऊ का?

किमान दोन वर्षं नको. मधे ज्वारी, मका किंवा गहू घ्या. गोबी गेली म्हणून गाजर, आलू किंवा टमाटर लावलं तर पाटी बदलली, पण जेवायला पाहुणा तोच.

आणि उन्हाळा वाया घालवू नका. एप्रिलमध्ये खोल नांगरून ढेकळं उघडी टाका. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा आपण पंख्याखाली असतो आणि कोरड्या, तापलेल्या मातीत जिवाणूची संख्या घटत असते. रोपवाटिकेच्या वाफ्यांसाठी याहून चांगलं करता येतं: वाफा भिजवा, पारदर्शक प्लॅस्टिकने घट्ट झाका, कडा मातीने दाबा आणि चार ते सहा आठवडे तसंच ठेवा.

बियाण्याला काही प्रक्रिया?

मऊ सडीसाठी फारशी नाही, काळ्या कुजीसाठी नक्की. गोबीचं बी सैल कापडात बांधून ५० अंश सेल्सिअस पाण्यात धरतात, पानगोबी २५ मिनिटं, फुलगोबी २० मिनिटं, मग थंड पाण्यात घालून सावलीत सुकवतात. थर्मामीटर लागतोच. बोट बुडवून अंदाज घेतलात तर एक तर रोग राहील, नाहीतर उगवण जाईल. कंपनीच्या प्रक्रिया केलेल्या रंगीत बियाण्यावर हे करू नका.

टमाटर-वांग्याची मर दरवर्षी येते. त्यावर वाण आहेत का?

आहेत. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का रक्षक हा टमाटरचा संकर जिवाणूजन्य मरीला दाद देत नाही, वांग्यात अर्का केशव, अर्का निधी आणि अर्का नीलकंठ आहेत. पण बाजाराला कोणता आकार आणि रंग लागतो ते आधी अडत्याला विचारा. भरीताच्या वांग्याच्या गिऱ्हाइकाला लांबुडकं वांगं देऊन उपयोग नाही. दुसरा मार्ग कलमी रोपांचा: रानवांग्याच्या खुंटावर हव्या त्या वाणाचं कलम. रोप महाग पडतं, पण मर लागलेल्या वावरात निम्मी झाडं उपटण्यापेक्षा स्वस्त. लावताना कलमाचा जोड मातीच्या वर ठेवा.

घरी आणलेल्या गोबीचा एक कोपरा सडलाय. तेवढा कापून उरलेली खावी का?

काकू, टणक भाग भरपूर सोडून कापलात आणि नीट शिजवलात तर भाजी होईल. हा जिवाणू माणसाला आजारी पाडणारा नाही. मात्र सडलेल्या लगद्यावर दुसरे आपले पाय पसरतात. अमेरिकेत १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मऊ सड लागलेल्या भाज्यांवर साल्मोनेला निरोगी भाज्यांपेक्षा जास्त आढळला होता. म्हणून काकडी, टमाटर, गाजर, सांबार असं कच्चं खायचं असेल तर सडका नग सरळ फेका. आणि सडका भाग कापलेल्या विळीवर तशीच कोशिंबीर चिरू नका.

सांबार फ्रिजमध्ये दोन दिवसांत लाळ धरते.

ओली ठेवता म्हणून. निवडा, सुकवा, कोरड्या कागदात किंवा सुती कापडात गुंडाळून डब्यात ठेवा. धुवायची ती वापरताना. चार अंशांच्या आसपास हा जिवाणू जवळपास थांबतो, पण फ्रिजच्या दारात तेवढा गारवा नसतो.

गच्चीवरच्या कुंडीत टमाटरचा बुंधा मऊ पडून वास येतोय.

कुंडीच्या बुडाचं भोक बुजलंय का ते आधी बघा. बहुतेक वेळा तेच असतं. झाड वाचणार नाही. ते मातीसकट काढा, कुंडी ब्लीचिंगच्या पाण्याने धुऊन उन्हात ठेवा, खाली विटांचे तुकडे घालून उंचावर मांडा. ती माती दुसऱ्या कुंडीत वापरायचा मोह टाळा. रोज पाणी घालायची सवय असेल तर बोट खुपसून ओल बघा आणि मगच घाला.

नमुना दाखवायचा तर कुठे?

महाराजबागेजवळच्या कृषी महाविद्यालयात वनस्पती रोगशास्त्र विभाग आहे. केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचं कृषी विज्ञान केंद्रही नागपुरातच आहे, नाव कापसाचं असलं तरी भाजीचे प्रश्न घेतात. फोनवर विचारायचं तर किसान कॉल सेंटर, १८००-१८०-१५५१, मराठीत बोलतात.

नमुना नेताना पूर्ण नासलेला गड्डा नेऊ नका, त्यात मूळ रोग सापडत नाही, मागून आलेलेच सापडतात. सड नुकती सुरू झालेलं झाड मुळासकट उपटा, कागदात गुंडाळा, प्लॅस्टिकमध्ये कोंडू नका आणि त्याच दिवशी पोहोचवा. सोबत एक निरोगी झाडही घ्या. कोणतं खत कधी दिलं, शेवटचं ओलीत कधी, मागच्या हंगामात काय होतं, हे चिठ्ठीवर लिहून न्या. पहिले तेच विचारतात, आणि तिथे उभं राहिल्यावर हमखास आठवत नाही.